चाचांचा नेम

उदगीरच्या किल्ल्यामागं एक चाचा रोज सकाळी धनुष्य घेऊन येत. बांबूचे बाण निखाऱ्यावर शेकून सरळ करत, पिसं कात्रीनं सारखी कापत. मग दोरी हनुवटीला टेकवायची, श्वास धरायचा, बाण सोडायचा. समोर भुशाचं पोतं. बाण मात्र दर वेळी दोन हात डावीकडं, लिंबाच्या खोडात, त्याच एका भोकात.

शेवटी मला सहन होईना. "चाचा, रोज नेम चुकतोय की!"

"नेम एक दिस चुकला न्हाई," ते भडकले. "पोतं चुकीच्या जागी हाय."

"मग सरकवा ना पोतं."

"त्याचं ते बघंल."

परवा बाण थेट पोत्याच्या मधोमध घुसला. मी टाळ्या वाजवल्या. चाचांनी धनुष्य खाली ठेवलं, कपाळावर हात मारून घेतला.

"आज चुकला नेम," म्हणाले.