एकच दिवा फुटत होता

त्या सोमवारी वाडीतला दिवा तिसऱ्यांदा फुटला आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात कुवेतहून फोन आला. नोकरीतल्या पुष्कळ घटना पुसट झाल्या; ही झाली नाही. आता मी स्वतःच कुवेतमध्ये, अहमदीला मुलाकडे राहतो, म्हणूनही असेल.

कोकणातले ते माझे शेवटचे ठाणे. प्रत्येक वाडीत पथदिवे लागलेच पाहिजेत, असा सरकारचा आदेश आला होता. खांब आणि दिवे सरकारने दिले. विजेचे बिल ग्रामपंचायतीवर टाकले. पंचायतीकडे त्याची तरतूद नव्हती. बिल थकले, जोडणी तोडण्याची नोटीस आली. आधी नळदुरुस्तीचे पैसे तिकडे वळवले. तेही पुरेनात, तेव्हा घरपट्टी वाढली आणि वर दिवाबत्ती कर चढला. ग्रामसभेत खुर्च्या उचलण्यापर्यंत वेळ आली. त्यानंतर दिवा फुटू लागला.

ग्रामसेवकाने फिर्याद दिली. "संशय कोणावर?" मी विचारले.

"साहेब, मतदारयादीच लावा," तो म्हणाला. "आदेश काढणारा मुंबईत. शिव्या खायला मी इथे."

पंचनाम्याला गेलो. पंचायतीसमोरचा दिवा शाबूत होता. फुटत होता तो एकाच खांबावरचा, दोन भावांच्या घरांमधला. धाकट्याचे स्लॅबचे नवे घर बंद. तो कुवेतला, मिरकाब भागातल्या कार्यालयांत एसीच्या डक्टचे काम करणारा. समोर थोरल्याचे कौलारू घर. आई थोरल्याकडे. पट्टीच्या रागाला हाच खांब का सापडावा, हे मला कळेना.

आणि मग तो फोन. धाकटा बोलत होता.

"साहेब, घराक मी कॅमेरो लावलंय. दिवो फुटलो की सगळो काळोख. माका आई दिसणा नाय."

"फोडणारा दिसला का?"

"नाय. पण दिवो फुटूच्या जरा आधी आई मागे वळान कोणावर तरी वराडली. पदर खोचून. परक्या माणसाक ती असा बोलणा नाय." तो थांबला. "म्हणान फोन करूक नको वाटत होता."

त्याच दुपारी चहा घेताना ग्रामसेवक सहज बोलून गेला, की ग्रामसभेत सर्वांत मोठ्याने ओरडला तो थोरला. पण वाढीव पट्टी सर्वांत आधी भरली तीही त्यानेच, वर भावाच्या बंद घराचीसुद्धा. जो मुकाट पैसे भरतो आणि तरी ओरडतो, त्याचे ओरडणे पैशांसाठी नसते.

थोरल्याला ठाण्यात बोलावले. मी लगेच प्रश्न विचारीत नसे. माणसाला ठाण्याचे आवाज ऐकू द्यावेत, पाणी द्यावे. पट्टीविषयी तो तावातावाने बोलला. मी ऐकून घेतले आणि म्हणालो, "आई कोणावर ओरडली?"

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"औषद मी देतंय, साहेब. न्हाणीत हात धरून मी नेतंय. आणि तिनसांजा झाली की आई उठता, माझ्याकडे पाठ करता आणि त्याच्या कॅमेऱ्याक हात जोडता. रोज. जो नाय त्याका नमस्कार! माका बघवला नाय."

कबुलीजबाब झाला. मग त्याला घेऊन मी म्हातारीकडे गेलो. नवा दिवा बसवला होता. आम्ही खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बसलो असताना तो लागला. ती उठली, खांबाकडे वळली, हात जोडले.

"आजी, नमस्कार कोणाला?"

"कोणाक म्हंजे? दिव्याक. दिवेलागणीक दिव्याक हात जोडूचे नाय तर काय वायरमनाक?"

"कॅमेऱ्याला नाही?"

"खंयचो कॅमेरो?"

थोरला पडवीच्या पायरीवर बसला आणि तोंड झाकून रडला. पुढे कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला.

वरून आदेश यावा आणि पैसा येऊ नये, म्हणजे घरपट्टी वाढते आणि गाव चिडते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले. पण सगळे गाव चिडलेले असले की त्या चिडीच्या आड एखाद्याचा मत्सर सुखाने लपतो, हे या गुन्ह्याने शिकवले.

पत्नी गेल्यावर मी इकडे आलो. धाकट्याला ते कसे कळले कोण जाणे. एका शुक्रवारी तो भेटायला आला. त्याची आई तोवर गेली होती. त्याने मोबाइलवर जपून ठेवलेले चित्रण दाखवले. म्हातारी उठते, वळते, हात जोडते.

"बघा, साहेब. आईन कधी झीलाक, पोटच्या पोराक, नमस्कार केलेलो बघितलास? माझी करी. रोज."

माझी पत्नीही दिवा लागला की हातातले काम सोडून हात जोडीत असे. तिचे असे चित्र माझ्याकडे नाही. मला त्याचा हेवा वाटला. खरे काय ते सांगून टाकावे असे ओठांवर आले. ते सत्यासाठी नव्हते. थोरल्याने दगड उचलला तेव्हा त्याच्या मनात जे होते, तेच ते होते. मी धाकट्याला चहा दिला.

"पुन्हा दाखव," म्हणालो.

तो खांब तिथेच आहे. दिवाबत्ती कर दोघेही भाऊ भरतात. दिवा लागला की आता थोरला उठून हात जोडतो. धाकटा ते इथून बघतो.