आमचे खरे स्पर्धक शोधणारा रफिक

रफिक गेल्याची बातमी आली तेव्हा मी नाशिकच्या अंबड भागातल्या आमच्या शेडमध्ये एका शेतकऱ्याचा फवारणीचा पंप उघडून बसले होते. हात ग्रीसने माखलेले, म्हणून फोन कोपरानेच स्पीकरवर टाकला. पलीकडून शबानाभाभी, रफिकची बायको, अगदी शांत आवाजात म्हणाली, "संगीता, रफिक गेले. सकाळी चहा घेता घेता..." समोरचा शेतकरी बिचारा टोपी हातात घेऊन बाजूला झाला. मला आधी रडू आलंच नाही, राग आला. हा माणूस असा न सांगता निघून जाणाऱ्यातला नव्हता. "चल, निघतो" म्हणायचा आणि मग दारात उभं राहून अर्धा तास नवा विषय काढायचा. परवा त्याचा चाळिसावा झाला, तरी तो राग अजून पुरता गेलेला नाही.

आम्ही कॉलेजपासूनचे दोस्त. पुढे त्याने जुन्या नाशकात सायबर कॅफे काढला. तो काळ असा होता की निम्म्या गिऱ्हाइकांना कॉम्प्युटरला हात लावायची भीती वाटायची. ती माणसं खुर्चीवर बसून तोंडाने सांगायची आणि रफिक टाइप करायचा. एक आजोबा आले होते, म्हणे, "माझा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही, ते विचार त्याला." रफिकला हे फार आवडलं होतं. पुस्तकात गुडघेदुखी असते, माणसाला मात्र जिना आठवतो, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. कॅफे बंद पडला, मोबाईल आले, रफिक लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणायचं काम करू लागला. पण कुतूहल तेच राहिलं. समोरचा माणूस नेमक्या कोणत्या शब्दांत विचारतो, याचं त्याला वेड होतं. भाभी सांगते की घरात कुकर घ्यायचा तरी हा तिला विचारायचा, "तू शोधताना काय लिहिशील?" ती म्हणायची, "काही नाही लिहिणार, दुकानात जाऊन घेऊन येईन." त्यावर हा खूश होऊन हसायचा.

मी त्याच्याकडे गेले ते भावावरच्या रागापायी. वडिलांनी द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या ट्रॅक्टरच्या ब्लोअरचे सुटे भाग बनवायचा धंदा उभा केला. ते गेल्यावर माझा धाकटा भाऊ आनंद म्हणू लागला, जुन्या मशीनची मलमपट्टी किती दिवस करायची, आता नवे ब्लोअर विकू. मी म्हटलं, लोकांची जुनी मशीन काय भंगारात घालायची? शब्दाने शब्द वाढत गेला. आनंदने दोन गल्ल्या सोडून वेगळा गाळा घेतला, वडिलांचंच नाव लावलं आणि स्वतःची वेबसाइट काढली. त्या वर्षापासून भाऊबीज बंद. मी काही भांडकुदळ नाही, पण कामं कमी होऊ लागली आणि माझी खात्री पटली की आमची गिऱ्हाइकं हाच पळवतोय. मोबाईलवर आमच्या धंद्याचं काहीही शोधलं की सगळ्यात वर याचीच साइट! रफिकला मी सरळ म्हटलं, "मला बाकी काही नको. फक्त आनंदच्या वर आण."

"आणतो ना," रफिक म्हणाला. "पण आधी बघू तर दे, तिथे आहे कोण कोण. तू कुस्तीला निघालीस, यार, आणि आखाडा कुठाय ते माहीत नाही."

मग त्याने माझा मोबाईल मागून घेतला, आनंदची साइट वर आलेली पाहिली आणि विचारलं, "ही तू रोज उघडतेस?" मी फोन परत घ्यायला हात पुढे केला. "रोज उघडतेस म्हणून तुला रोज दाखवतो हा फोन. त्याला वाटतं, बाईंना हेच आवडतं." मला हसावं की फोन फेकावा कळेना. त्याने मी शोधायचे तेच शब्द शेडमधल्या दुसऱ्या दोघांच्या फोनवर टाकायला लावले. आनंद पार खाली होता. आम्ही त्याच्याही खाली होतो, तो भाग वेगळा.

पण रफिकचं तेवढ्याने समाधान होणार नव्हतं. म्हणे, हे शब्द तुझे आहेत, तुझ्या कॅटलॉगमधले, गिऱ्हाईक हे शब्द लिहितं कशावरून? तेव्हा छाटण्या उरकल्या होत्या आणि बागांमध्ये फवारण्यांची धांदल होती. तो मला घेऊन निफाडला गेला. तिथे एका ओळखीच्या कृषी सेवा केंद्राच्या बाहेर बाकावर बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागला, "भाऊ, ब्लोअर बिघडला तर मोबाईलवर काय शोधता? फोन तुमच्याच हातात राहू द्या, मी फक्त बघतो." लोकांना आधी हा कुठला तरी फसवणारा वाटला. मग त्यांनाच मजा वाटू लागली. एक जण फोन तोंडाजवळ धरून ओरडला, "ब्लोअर प्रेशर घेत नाय, काय करावं?" दुसरा म्हणाला, "मी तर म्हणतो, एका बाजूनं फवारा लय बारीक पडतो." आमच्या साइटवर यातला एक शब्द नव्हता. तिथे होतं, 'उच्च दर्जाचे सुटे भाग, तत्पर सेवा.' रफिकने ते मोठ्याने वाचलं आणि एका म्हाताऱ्या बागायतदाराला विचारलं, "काका, असं कधी शोधलंय?" काका म्हणाले, "हे तर लग्नपत्रिकेवानी हाय."

परत आल्यावर त्याने शेडमधला एक लोखंडी पत्रा भिंतीला टेकवला आणि खडूने एकेक प्रश्न लिहून त्याखाली वर येणाऱ्या साइट लिहायला घेतल्या. मी चहा ठेवला. त्याची पद्धत मला तेव्हा कळली. एखादी साइट एकाच प्रश्नाला वर आली, तर तो तिला वाटसरू म्हणायचा आणि सोडून द्यायचा. वेगवेगळ्या प्रश्नांना जी पुन्हा पुन्हा वर येते, तिच्याभोवती गोल. "ही तुझ्या गिऱ्हाइकाच्या घरात बसून जेवतेय," तो म्हणायचा. संध्याकाळपर्यंत पत्र्यावर मोजकेच गोल उरले. एक होता दिंडोरीकडचा एक बागायतदार, स्वतःचा ब्लोअर खोलून दाखवतानाचे व्हिडिओ टाकणारा. एक परराज्यातलं, घरपोच पार्ट पाठवणारं दुकान. आणि एक कुठलंसं जुनं पान, जिथे लोक एकमेकांना अडचणी विचारत होते आणि निम्मी उत्तरं चुकीची होती. यातल्या एकाचंही नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"आणि आनंद?" मी विचारलं.

"आनंद कुठेच नाही. तू पण नाहीस." त्याने खडू ठेवला, हात झटकले. "बघ ना, तो नवं मशीन विकतो, ते घेणारा वेगळंच काहीतरी शोधतो. तुमची गाठच पडत नाही कुठे. तुम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांवर डोळे वटारून बसलात, आणि गिऱ्हाईक तिसरीकडून सामान घेऊन घरी पण गेलं."

मला बरं वाटायला हवं होतं. खरं सांगते, वाटलं नाही. इतकी वर्षं सांभाळलेला राग एकदम बिनकामाचा झाला आणि त्याचं काय करायचं ते समजेना. मी रफिकवरच चिडले, म्हटलं, तुझं ते सर्च चुकत असेल. तो म्हणाला, "चुकत असेल. परत बघू." आणि खरंच परत सगळं तपासून दाखवलं, दुसऱ्या फोनवर, दुसऱ्या गावच्या लोकांकडून. चिडलेल्या माणसाशी तो कधी वाद घालायचा नाही, नुसता पुढचा पुरावा आणून ठेवायचा.

पुढे त्याने माझ्याकडून एकेका प्रश्नाचं उत्तर लिहून घेतलं, शेतकऱ्याच्याच शब्दांत. माझे व्हिडिओ काढले, पंप उघडतानाचे, वॉशर बदलतानाचे. फोन येऊ लागले. प्रत्येक नवं गिऱ्हाईक आलं की रफिकचा मला फोन, "विचारलंस का, काय टाइप केलं त्याने?" कामं परत सुरू झाली, धंदा सावरला. मग एक दिवस दारात उभा राहून तो म्हणाला, "संगीता, आता एक कर. नवा ब्लोअर मागणाऱ्याला आनंदकडे पाठव. तुझ्या पानावर त्याचं नाव टाक, त्याच्या पानावर तुझं. दोघांचं भलं होईल." मी म्हटलं, "आधी त्याला टाकू दे." रफिक हसला. "ठीक आहे बाई. मी तर सर्चवाला माणूस." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही, मीही काढला नाही... आणि पुढच्याच महिन्यात तो गेला.

त्याच्या घरी भेटायला गेले तर बाहेरच्या खोलीत आनंद बसलेला. आम्ही एकमेकांना पाहिलं, मान हलवली, एवढंच. त्याचे केस पिकलेत, हे मला तिथे कळलं.

गेल्या आठवड्यात पिंपळगावहून एकाचा फोन आला. जुना ब्लोअर आहे, वॉशर मिळतील का. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "आमचा नंबर कुठं मिळाला? काय टाइप केलं होतं?"

"तुमचं काय नाय शोधलं, ताई. नवा ब्लोअर घ्यायचा म्हणून त्या आनंदभाऊंची साइट बघत व्हतो. तिथंच खाली लिहेल हाय."

"काय लिहिलंय?"

"थांबा, वाचतो. 'जुनं मशीन लगेच टाकू नका. माझी बहीण ते दुरुस्त करते, अंबडला.' अन् मग तुमचा नंबर."

त्याला वॉशर आहेत म्हणून सांगितलं. फोन ठेवला आणि सवयीने रफिकचा नंबर काढला, त्याला हे ऐकवायचं होतं. मग तशीच थांबले. डोळे भरून आले, शेडमध्ये सगळे होते, तरी पुसले नाहीत. थोड्या वेळाने आनंदला फोन लावला आणि विचारलं, "कधी लिहिलंस रे?"

"रफिकभाई गेल्यावर," तो म्हणाला. "आधीच सांगितलं होतं त्यांनी, ताई. मीच म्हटलं होतं, आधी ताईला टाकू दे."

त्याच्या गाळ्यातलं ग्राइंडर ऐकू येत होतं.

त्या दुपारी मीही आमच्या पानावर त्याचं नाव टाकायला बसले. एकच वाक्य लिहायचं होतं, पण अडले. नवं मशीन घ्यायला निघालेला माणूस कोणत्या शब्दांत शोधत असेल, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ज्याला विचारलं असतं तो नव्हता. शेवटी आनंदलाच परत फोन केला.