पहिल्या मजल्यावरचं गरम पाणी

नोकरी संपवून आम्ही नव्या जालन्यातल्या सहा मजली इमारतीत राहायला आलो, तेव्हा सोसायटीचं काम आपसूक माझ्याकडे आलं. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. त्यामुळे मोटर, टाकी, वायरिंग असलं काही निघालं की लोक म्हणायचे, "सरांना विचारा." मलाही ते आवडायचं.

सोलरवर पाणी तापवायचा विषय निघाला तेव्हा प्रत्येक घराची वेगळी टाकी बसवायला गच्चीवर जागा नव्हती. म्हणून सगळ्यांत मिळून एक मोठी टाकी, काचेच्या नळ्यांच्या रांगा आणि तिथून खाली येणारा एकच जाड पाइप, असं मी ठरवलं. फळ्यावर काढावा तसा कागदावर नकाशाही काढला.

बैठकीला पहिल्या मजल्यावरच्या वहिनी आल्या होत्या. त्यांचे यजमान मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मुनीम होते. लकवा मारल्यापासून ते अंथरुणालाच होते. वहिनी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून त्यांचं अंग पुसायच्या, आंघोळ घालायच्या. त्यांनी एकच विचारलं, "सर, आमच्यापर्यंत गरम पाणी बराबर येईल ना?"

"बिलकुल येईल," मी म्हणालो.

पाइपाचं काम जुन्या जालन्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला दिलं होतं. तेही तिथेच दाराशी उभे होते. ते म्हणाले, "सर, एक बोलू का? रातभर पाइपातलं पाणी थंड होतं. वरच्याला जल्दी गरम मिळंल. पण खालच्याला सगळा पाइप रिकामा करावा लागंल. एक लाइन खालून वापस वर न्या, छोटी मोटर लावा. सकाळी थोडं फिरवलं की सगळ्यांना सारखं."

त्यांचं म्हणणं मला नीट कळलं होतं, हे इथे लिहायला हवं. पण नकाशात ती लाइन माझ्याकडून राहिली होती, आणि ते चारचौघांत एका मिस्त्रीने दाखवून दिलं होतं. मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही पाइप जोडा. शास्त्र माझ्यावर सोडा."

काही लोक हसले. मिस्त्री "बराबर आहे, सर" एवढंच म्हणाले. त्यांनी काम चोख केलं आणि गेले.

मी सहाव्या मजल्यावर राहतो. माझ्याकडे नळ उघडला की वाफ यायची. पहिल्या हिवाळ्यात मी पाहुण्यांना हौसेने गच्चीवर नेऊन ती टाकी दाखवत होतो.

त्याच हिवाळ्यात तक्रार आली, की पहिल्या मजल्यावर पहाटे नळ चालूच राहतो, पाणी मोरीतून वाहून जातं. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा आलं तरी नशीब म्हणायचं. मी खाली जाऊन विचारायला हवं होतं. त्याऐवजी जिन्याशी कागद चिकटवला : पाणी वाया घालवणाऱ्यांनी इतरांचा विचार करावा. कुणाचं नाव घातलं नव्हतं, तरी सगळ्यांना कळलं. नळाचा आवाज बंद झाला. मला वाटलं, प्रश्न मिटला.

पुढच्या वर्षी, थंडीच्याच दिवसांत, पहाटे दारावरची घंटा वाजली. वहिनींच्या शेजारची बाई होती. "सर, मुनीमकाका गेले."

मी खाली गेलो. भोकरदनहून त्यांची मुलगी निघाली होती. चार माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, आंघोळीला पाणी काढा. काहीतरी हाताला काम हवं होतं, म्हणून मीच मोरीत गेलो आणि सोलरचा नळ सोडला. पाणी गार होतं. बादली भरली. दुसरी भरली, तरी हाताला कळ लागत होती. तिसरी ठेवली. बाहेर माणसं थांबली होती आणि मी नळाखाली हात धरून उभा होतो. चौथी अर्धी झाली तेव्हा पाणी कुठे कोमट लागलं.

शेजारची बाई मागे येऊन उभी होती. म्हणाली, "त्या नळाला न्हाई येत, सर. काकू रोज गॅसवर तापवून राह्यल्या. तुमचा कागद लागल्यापासून त्यांनी तो नळच सोडला न्हाई."

ओट्यावर मोठं पातेलं होतं. तेवढं भरलेलं पातेलं साठीतली बाई रोज मोरीपर्यंत कशी नेत असेल, या विचाराने मी त्याच्याकडे पाहत राहिलो. वहिनी आतल्या खोलीत यजमानांच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर जायचं धाडस मला झालं नाही.

तेराव्यानंतर मी जुन्या जालन्यात गेलो. मिस्त्रींचं घर एका कापडाच्या दुकानामागच्या बोळात होतं. ते दाराशी खाटेवर बसले होते. गुडघ्यांमुळे काम सोडलं होतं. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "मिस्त्री, तुमचं बरोबर होतं. मी त्या दिवशी तुमचा अपमान केला."

त्यांनी सरकून मला खाटेवर जागा करून दिली. मग म्हणाले, "सर, मला माझं काही न्हाई वाटलं. पण त्या बाईनं विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणाले, ते वाईट वाटलं. चहा घ्या."

पाइपाचंच काम करणाऱ्या त्यांच्या जावयाने दोन दिवसांत परतीची लाइन टाकली, छोटी मोटर बसवली. दोन दिवसांचंच काम होतं ते. आता पहिल्या मजल्यावरही नळ सोडला की लगेच गरम पाणी येतं.

पण वहिनी तोवर मुलीकडे भोकरदनला गेल्या होत्या. घर भाड्याने दिलं. मी त्यांना फोन केला. सांगितलं, "वहिनी, पाइपाचं काम केलं. आता पाणी येतं."

"बरं झालं, सर," त्या म्हणाल्या. "भाडेकरूंचं लेकरू लहान आहे."

मला पुढचं बोलायचं होतं. कागदाबद्दल, त्या सकाळबद्दल. त्यांनी विचारलं, "बाईंची तब्येत कशी आहे?" मी बायकोच्या तब्येतीबद्दल सांगत बसलो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, औषध वेळेवर द्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.