ओळख सांगणारा परिच्छेद

अर्जदार : प्रस्तुत लेखक, अर्जनवीस, नववी उत्तीर्ण, न्यायालयाबाहेरील टेबल. गैरअर्जदार : तोच. काळ : मुख्य न्यायमूर्तींच्या निवृत्तीपूर्वीचा उन्हाळा. साक्षीदार : दौलताबादकडील एक विधवा बाई व तिचे घर, पैकी घर आता अस्तित्वात नाही.

मुख्य न्यायमूर्ती नवखे वकील होते तेव्हा उस्मानपुऱ्यातून सायकलवर येत आणि मसुदे माझ्याच टेबलावर टाइप करून घेत. पुढे ते न्यायाधीश झाले, परराज्यात गेले आणि मुख्य न्यायमूर्ती होऊन परतले. त्यांच्या न्यायबुद्धीचा अभ्यास या शहरात माझ्याइतका कोणी केला नसेल. गरिबाचे साधे पत्रही ते याचिका म्हणून दाखल करून घेत. घर पाडण्याआधी घरातल्या माणसाला विचारलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आणि ओळखीच्याचे प्रकरण ते कधीच ऐकत नसत. एकदा स्वतःच्या जुन्या घरमालकाची फाईल समोर येताच त्यांनी ती दुसऱ्या न्यायमूर्तींकडे पाठवली. "हरणाऱ्याला घरी जाताना माझा संशय यायला नको," असे ते म्हणाल्याचे मी शेकडो पक्षकारांना सांगितले आहे.

बाईला रस्त्यासाठी घर पाडण्याची नोटीस आली होती. मुदत पंधरा दिवसांची. वकील करण्याची ऐपत नव्हती. मीच म्हणालो, थेट मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहू. तिने सांगितले ते इतकेच : मोजणीला कोणी आले नाही, मला कोणी विचारले नाही, पाडण्याआधी एकदा येऊन बघा.

मला ते तोकडे वाटले. मी वर एक परिच्छेद जोडला : महोदयांचा व प्रस्तुत अर्जनवीसाचा जुना स्नेह असून, महोदयांनी याच टेबलावर चहा घेतलेला आहे.

वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "भाऊ, घर माझं हाय. ह्यात तुमचा चहा कशाला?"

"मावशी, ओळख असली की कागद लवकर हलतो."

"व्हय का? मग तुमचं घर बी लिवा की, दोन्ही वाचतील."

शेजारचे टायपिस्ट हसले. मी परिच्छेद काढला नाही.

नोटिशीच्या दहाव्या दिवशी कार्यालयाचे उत्तर आले : पत्रलेखकाने महोदयांशी वैयक्तिक स्नेहाचा उल्लेख केल्याने सदर पत्र त्यांच्यापुढे न ठेवता अन्य न्यायपीठाकडे वर्ग करण्यात येत आहे. ते वर्ग होईपर्यंत न्यायालयाला उन्हाळी सुटी लागली. सुटीतही तातडीचे काम ऐकणारे न्यायमूर्ती असतात, हे मला ठाऊक होते. पण तसा अर्ज मी केला नाही. मुख्य न्यायमूर्ती पत्राबद्दल स्वतः मला विचारतील, याची वाट पाहत बसलो. सोळाव्या दिवशी जेसीबी आला.

त्यानंतर बाई एकदाच आली. "त्यांनी वाचलं का वो?" एवढेच तिने विचारले.

"नाही."

"मंग त्यांनी 'नाय' कुणाला म्हटलं?"

पुढे मुख्य न्यायमूर्ती निवृत्त झाले. घर परत मिळणार नाही, हे तिला कळते आणि मलाही.

सबब विनंती की, माझा परिच्छेद रद्द समजून तिची तीन वाक्ये कोणीतरी एकदा वाचावीत, आणि जे काही उत्तर असेल, नकार असला तरी, ते मला न पाठवता बाईच्या नावे, ती आता राहते त्या तिच्या बहिणीच्या पत्त्यावर लेखी द्यावे.