पोटाला हलकं

कोथरूडहून खराडीला रोज जाऊन-येऊन कोण थकत नाही, असं मला सगळेच म्हणायचे. मीही तेच म्हणायचे. केस गळत होते, एक जिना चढला की धाप लागत होती, लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू होत्या आणि रक्त होतं तिथेच होतं. पोट फुगायचं, पण ऑफिसात बसून काम करणाऱ्या कुणाचं पोट फुगत नाही? शेवटी एका डॉक्टरबाईंनी वेगळी रक्ततपासणी सांगितली. मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला. मला आणि नवऱ्याला समोर बसवून त्या म्हणाल्या, "तुम्हाला सीलिॲक आहे. गव्हातलं ग्लूटेन तुमचं आतडं खराब करतंय. यावर गोळी नाही. पोळी, ब्रेड, रवा, मैदा सगळं बंद. चव बघण्यापुरतंसुद्धा नाही."

"किती दिवस?" नवऱ्याने विचारलं.

"कायमचं."

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. दुखणं कशामुळे आहे ते तरी कळलं, एवढंच वाटलं. वाईट वाटायला पुढे भरपूर वेळ मिळाला.

भाकरी खाणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते समजावणं. ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस असायचाच. केकचा तुकडा माझ्यासमोर यायचा, मी नको म्हणायचे, आणि "अगं, एवढ्याशाने काय होतंय" इथून सुरुवात व्हायची. मग मी आतड्याबद्दल बोलायचे. हातात केक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कुणी आतड्याबद्दल सांगू नये, हे मला हळूहळू कळलं. हॉटेलात "यात मैदा आहे का?" विचारलं की वेटर आत जाऊन यायचा आणि "थोडासाच आहे" असं दिलासा दिल्यासारखं सांगायचा. मी ऑफिसातल्या पार्ट्यांना जाणं सोडलं. डबा घेऊन जागेवरच जेवू लागले.

एवढं करूनही काही महिने तब्येत सुधारेना. डॉक्टरबाईंनी विचारलं, "ज्वारी दळता कुठे?" मी कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणत होते. तिथे माझ्या ज्वारीच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असायचा. मी गिरणीवाल्या काकांना म्हटलं, "काका, माझं दळण घालायच्या आधी गिरणी साफ कराल का?" त्यांनी पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर केल्या. "ताई, ही गिरणी आहे. ऑपरेशन थिएटर पलीकडच्या गल्लीत आहे." मी घरघंटी घेतली. मग हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ असं वाचलं, आणि ती डबीसुद्धा घराबाहेर गेली. त्यानंतर मात्र सुधारणा दिसू लागली.

तेव्हाच डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा आजार घराण्यात असू शकतो. आईवडिलांची आणि मुलीची तपासणी करून घ्या."

मुलीला काही निघालं नाही. आई जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. बाबा अकोल्याला एकटेच राहायचे, स्वयंपाकाला बाई होती. शाळेत कारकून होते, निवृत्त होऊन बराच काळ झाला होता. बाबांचं पोट हा आमच्या घरातला कायमचा विषय होता. ते अंगाने काडीसारखे. लग्नाला गेले तर जेवायच्या आधी निघून यायचे. शाळेच्या सहलीला एकदाही गेले नाहीत, कारण वाटेत संडास कुठे असेल याची खात्री नसायची. नातेवाईक त्यांना चिकट म्हणायचे, माणूसघाणे म्हणायचे. बाबा कुणाला काही सांगत नसत. ते पुण्याला आले, आणि मी त्यांना तपासणीला नेलं ते केवळ डॉक्टरबाईंनी सांगितलं म्हणून.

त्यांनाही तेच निघालं.

घरी आल्यावर मी चहा केला. बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून ते म्हणाले, "म्हणजे पोयी."

"हो बाबा. पोळी, रवा, बिस्किटं, सगळं."

"रव्याची खीर बी?"

"तीसुद्धा."

मला वाटलं, आता या वयात हे कशाला, असं म्हणतील. पण ते म्हणाले, "माझं पोट बिघडलं का तुझी आई दूध-पोयी कुस्करून द्यायची. हलकं असते म्हणे. रात्री रव्याची खीर. शाळेत जाताना खिशात बिस्किटाचा पुडा टाकायची, भर उन्हात उपाशी राहू नये म्हणून."

मला ते सगळं आठवत होतं. आई पोळ्या करायची त्यातली सर्वांत मऊ पोळी बाजूला काढून ठेवायची, बाबांसाठी. पोट जास्त बिघडलं की भाजी, वरण, सगळं बंद करून नुसती दूध-पोळी. बरं वाटेपर्यंत. आणि बरं कधी वाटतच नसे, म्हणून ती आणखी काळजीने तेच करायची.

"तिला काय माहीत होतं, बाबा," मी म्हटलं.

"तेच म्हणतो मी. नाही माहीत झालं तेच बरं झालं. तिले हे कळलं असतं त तिनं जेवणच सोडलं असतं." मग त्यांनी थंड झालेला चहा प्यायला आणि म्हणाले, "अकोल्यात कोणाले सांगू नको. लोक म्हणतीन, बायकोनं विष घातलं."

मी नाही सांगणार म्हटलं.

बाबा आमच्याकडे चार-पाच महिने राहिले. नवरा आणि मुलगी पोळ्यावाल्या मावशींच्या हातची पोळी खायचे. बाबांची आणि माझी भाकरी मी करायचे, वेगळा तवा, वेगळी परात. खराडीहून येईपर्यंत आठ वाजायचे. हेल्मेट काढून ठेवलं की हात धुऊन सरळ ओट्याशी. काही संध्याकाळी मला भाकरी थापताना रडू यायचं, आणि ते दुःखाने येत नव्हतं. पाय दुखायचे एवढंच. आपल्याला भूक लागली आहे आणि जे करायचं ते आपणच करायचं आहे, बाहेरून मागवायचीही सोय नाही, हे रोज नव्याने लक्षात यायचं.

बाबा बहुधा स्वयंपाकघराच्या दारातून ते बघत असावेत. एके दिवशी घरी आले तर ओट्यावर फडक्यात काहीतरी झाकलेलं. फडकं उचललं. जाड, कडेने तुटलेल्या, मधे करपलेल्या भाकरी होत्या. आयुष्यात स्वतःचं ताट न उचललेल्या माणसाने त्या केल्या होत्या. बोटाला चटका बसला होता, तिथे हळद लावलेली.

"बाबा, कशाला केलंत?"

"पाह्यलं, होते का. नाही होत." ते म्हणाले. "पण खाता येते."

खाता येत होत्या. मी दोन खाल्ल्या.

हळूहळू त्यांचं वजन वाढलं. गाल भरले. एका रविवारी ते एकटेच बसने सारसबागेत जाऊन आले, आणि जेवताना अगदी सहज म्हणाले, "वाटेत कुठं थांबा लागलं नाही." वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. मुलीला त्यात काय विशेष ते कळलं नाही. मला कळलं, पण मी फक्त "बरं झालं" म्हटलं.

त्याच सुमारास सोसायटीत सत्यनारायण झाला. प्रसादाचा शिरा रव्याचा. आम्ही दोघांनी हात जोडले आणि द्रोण घेतला नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू बारीक नजरेने बघत होत्या. "अहो, प्रसादाला नाही म्हणू नये."

मी तोंड उघडलं. आतडं, ग्लूटेन, थोडंसंही चालत नाही, सगळी वाक्यं तयार होती. तेवढ्यात बाबा म्हणाले, "शुगर आहे."

"दोघांनाही?"

"दोघांलेही."

काकूंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी आम्हाला एकेक केळं दिलं आणि मेथीचं पाणी पिण्याविषयी बरंच सांगितलं. आम्ही ऐकून घेतलं. लिफ्टमध्ये बाबा म्हणाले, "एवढं बोललं का सुटका होते." तेव्हापासून अनोळखी माणसांपुढे मीही तेच सांगते.

नंतर ते अकोल्याला परत गेले. फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमत नव्हता. पीठ मी इथून दळून पाठवते. तिथल्या स्वयंपाकाच्या बाईंना सगळं नीट समजावलं आहे. तरीही दोन-तीनदा ते घसरले. एकदा माझ्या चुलतभावाच्या शेतात रोडग्यांचं जेवण होतं. निखाऱ्यात भाजलेले गव्हाचे गोळे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. बाबांनी खाल्ले आणि आठवडाभर अंथरुणाला खिळले. फोनवर मी ओरडायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. ओरडण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती.

"बोल ना," ते पलीकडून म्हणाले.

"काय बोलू, बाबा. कसे होते रोडगे?"

ते म्हणाले, "चांगले होते व."

गेल्या महिन्यात त्याच चुलतभावाच्या मुलीचं लग्न झालं. मी डबा घेऊन गेले, दोघांचा. मांडवाच्या कडेला पंख्याखाली दोन खुर्च्या ओढून आम्ही भाकरी आणि मेथीची कोरडी भाजी खात बसलो. समोर पंगत चालू होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारत होता आणि बाबा प्रत्येकाला शुगर सांगत होते. ही सगळी त्यांची आयुष्यभराची माणसं, पण आता त्यांनाही खरं सांगायचा बाबांना कंटाळा आला होता.

"तू थकत नाही का याले?" त्यांनी मला विचारलं.

"थकते की. रोज थकते."

"मी बी." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पण या खेपेले जेवायच्या आधी घरी नाही पळालो. बसून तरी हाय."

मग त्यांनी नवरीकडच्या कुणाला तरी हाक मारली आणि आमच्यासाठी पाणी मागवलं.