सुपाखालचं पोर

२०२३ साली माझं वय अठ्ठ्याहत्तर होतं. देवरीकडच्या आमच्या गावात बायका बिड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूपानं. माझ्या मायनं वळल्या, बायकोनं वळल्या. नातसून पाचव्या महिन्यात होती तरी वळतच होती. पोट पुढं आलं, तसं सूप पोटालाच टेकून राहायचं.

मी तिला तपासणीला घेऊन गेलो, तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं तिला हे काम बंद करायला सांगितलं. मी म्हणालो, "काऊन? माझी माय मी पैदा होतपर्यंत वळत होती. मले काय झालं?"

"तुम्ही सुटलात, आजोबा. सगळेच सुटत नाहीत."

"पण हे पोरगी बिडी पीत नाही ना."

"तंबाखूची धूळ श्वासातून जाते, हातातून जाते. आईच्या रक्तातून नाळेत, तिथून बाळात. आत्ता त्याच्या एकेका पेशीच्या दोन होऊन राहिल्यात. एखादीत खोट राहिली, तर पुढं कॅन्सर होऊ शकतो. लहानपणी, नाहीतर म्हातारपणी. होईलच असं नाही. पण जाणूनबुजून कशाला द्यायचं?"

मग तिनं सोनोग्राफीच्या मशीनचा पडदा माझ्याकडं फिरवला. पोर मूठ तोंडाशी नेत होतं.

"मुलगा की मुलगी ते सांगणार नाही. पण मुलगी असली, तर तिच्या लेकरांची बीजंसुद्धा आत्ताच तिच्या पोटात तयार होऊन राहिलीत."

मी खुर्चीवर बसलो. जन्मभर धान पेरलं, पण बियाच्या आत बी आणि त्याच्या आत पुन्हा बी, हे कधी मनात आलं नव्हतं. ज्या जिवानं अजून ऊन पाहिलं नाही, त्याला आमच्या घरची तंबाखू ठाऊक झाली होती. मी पडद्याकडं पाहतच राहिलो. बाईनं दोनदा म्हटलं, आजोबा, आता उठा.

बसमध्ये नातसून म्हणाली, "आबाजी, मंग मी काय करू? ठेकेदाराले हप्त्याचा माल द्या लागते."

"तू बसून राह्य."

"अन वळन कोण?"

आमच्या घरात पुरुषानं सूप मांडीवर घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबाखूची थैली, पानं, सूप उचलून मी घरापासून दूर, खळ्यावरच्या मांडवात नेलं आणि वळायला बसलो. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "बुढा बाई झाला का जी?" पहिली बिडी हातातच उलगडली. मी दुसरं पान घेतलं.