बोजाकाकांचा स्वतःचा बोजा

बोजाकाकांना कुणी जेवायला बोलावलं, की निघण्याआधी ते त्या घराचा सर्च काढायचे. घर कुणाच्या नावावर आहे, कुठल्या बँकेकडे तारण आहे, जुनं कर्ज उतरलंय की नाही, हे कळल्याशिवाय त्यांना पुरणपोळी गोड लागत नसे. आमच्या वास्तुशांतीला आले तेव्हा दारातच मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या बिल्डरनं गच्ची सोडून बाकी सगळं गहाण टाकलंय. पंगत गच्चीवरच घेऊया." माझे सासरे त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलेनासे झाले. काकांना त्याचं काही वाटलं नाही. सासऱ्यांचाही सर्च त्यांनी केव्हाच काढून ठेवला होता.

मी सांगलीत एका बँकेच्या कर्ज विभागात नोकरी करते आणि काका आमच्या पॅनेलवरचे वकील होते. वकील म्हणजे काळा कोट घातलेले, पण कोर्टाची पायरी फारशी न चढलेले. तिथं दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं, हे कारण ते स्वतःच सांगायचे. बँक धंद्याला कर्ज देते तेव्हा घर, गोदाम, यंत्र असं काहीतरी तारण घेते आणि तशी नोंद सरकारदरबारी करते. ती नोंद म्हणजे बोजा. फी भरली की ती कुणालाही पाहता येते, म्हणजे एकच गोदाम दोघांकडे गहाण टाकायची सोय राहत नाही. हे बोजे चढवायचे, उतरवायचे आणि नवं कर्ज देण्याआधी शोधायचे, यात काकांचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, एकदा नोंद झाली की उतरवायला लय त्रास.

पूर्वी ते निबंधक कार्यालयात इंडेक्सच्या थप्प्या उपसत. हल्ली सगळं वेबसाइटवर आलं, तरी त्यांची अंगातली खोड गेली नव्हती. तासगावकडच्या एका कोल्ड स्टोअरेजच्या मालकाला बेदाण्यावर कर्ज हवं होतं. आमच्यात रिवाज असा, की तारण मालाच्या खोलीबाहेर बँकेचं नाव रंगवून घ्यायचं. मालकानं कर्ज मंजूर होण्याआधीच आमच्या बँकेचं नाव झोकात रंगवून ठेवलं होतं. आमचे मॅनेजर खूश झाले. काका मात्र चहाचा कप हातात घेऊन भिंतीजवळ गेले आणि स्कूटरच्या किल्लीनं रंग खरवडायला लागले. आमच्या नावाखालून दुसऱ्या बँकेचं नाव निघालं. त्याच्याखालून एका पतसंस्थेचं निघालं. मालक कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "आवं वकीलसाहेब, जुना रंग हाय त्यो." काका म्हणाले, "रंग जुना हाय, बेदाणा बी जुनाच दिसतोय." परतीच्या वाटेवर त्यांनी खिशातून मूठभर बेदाणे काढले. सगळ्या बँकांचे मिळून आहेत, असं म्हणत मला दिले.

एका बाबतीत मात्र ते कमालीचे हट्टी होते. एक हळदीचा व्यापारी बुडत चालल्याचं मार्केट यार्डातल्या हमालापर्यंत सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचा सर्च स्वच्छ आला. मी काकांना म्हटलं, अहवालात एखादं वाक्य घाला ना. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, सर्चमधी दिसतंय ते लिवायचं. ठाऊक हाय ते न्हाई. ठाऊक असलेलं लिवायला लागलो तर सांगलीत कुणालाच कर्ज मिळायचं न्हाई. आणि पयलं नाव तुमच्या मॅनेजरचं कटंल."

मॅनेजर शेजारच्याच केबिनमध्ये होते आणि दार उघडं होतं. काकांचं बिल त्या महिन्यात उशिरा निघालं.

त्यांचा खरा राग कर्ज बुडवणाऱ्यांवर नसे, फेडणाऱ्यांवर असे. आपल्याकडचा व्यापारी शेवटचा हप्ता भरतो, पेढे वाटतो, बायकोपोरांना घेऊन महाबळेश्वरला जातो, पण बोजा उतरवून घ्यायला विसरतो. पुढं कधीतरी पोराला कर्ज हवं असतं आणि बापाचं फिटलेलं कर्ज वेबसाइटवर जसंच्या तसं उभं दिसतं. अशा माणसांना काका कुठंही गाठत. लग्नाच्या पंगतीत, सलूनमध्ये, पेट्रोल पंपावर, "तुमचा बोजा अजून हाय वर," असं लांबूनच ओरडून सांगत. कराडला एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या तेराव्याला गेले असताना त्यांनी मुलाचं सांत्वन केलं ते असं: "वडील सुटले रं, पण गोदाम सुटलं न्हाई. सोमवारी ये." मुलगा सोमवारी आला, हेही सांगायला हवं.

अशा माणसाच्या स्वतःच्या राहत्या घरावर बोजा असेल, असं माझ्या मनातही आलं नसतं. एका दिवाळी पाडव्याला मी त्यांच्या ऑफिसात फराळाचा डबा द्यायला गेले. काका भडंग खात कॉम्प्युटरवर काहीतरी बघत होते आणि गालात हसत होते. पडद्यावर त्यांचंच नाव होतं. कर्जदार म्हणून त्यांचं, जामीनदार आणि घरमालक म्हणून त्यांच्या थोरल्या भावाचं, आणि तारण मिरजेचं घर. त्या घरात काका आणि त्यांची विधवा बहीण, आक्का, राहत.

मी विचारलं, कर्ज अजून चालू आहे? काका म्हणाले, कवाच फिटलं. तरुणपणी त्यांनी हळद पॉलिशचं युनिट काढलं होतं, त्यासाठी घेतलेलं. युनिट बुडालं, पण कर्ज त्यांनी वकिली करून पै न् पै फेडलं. फक्त बोजा उतरवला नाही. घराचे मूळ कागदही बँकेकडून आणले नाहीत. पुढं ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, ती तिसऱ्या बँकेत, आणि आता ती फाइल कुठल्या गोदामात आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

गावभर ओरडत फिरणाऱ्या माणसानं असं का करावं, तेही त्यांनी सांगितलं. वडिलांनी घर थोरल्याच्या एकट्याच्या नावावर केलं. तो इंजिनीअर होऊन पुण्याला गेला, तो आक्कांच्या शाळामास्तरणीच्या पगारावर. आईवडिलांचं शेवटचं आजारपण आक्कांनीच काढलं. पण कागदावर त्यांचं नाव कुठंच नव्हतं, आणि थोरल्याला घर विकायचं होतं.

"कागदावर तिचं नाव न्हाई ना, मग मी कागदच अडकवून ठेवला," काका म्हणाले. "थोरल्याला वाटतंय, कर्ज थकलंय. बाकी किती हे तो विचारत न्हाई. विचारलं तर जामीनदार म्हणून त्याच्याच गळ्यात पडायचं. दर पाडव्याला मी बघतो, बोजा जाग्यावर हाय का. हाय म्हणजे आक्काचं घर हाय."

हे कायद्यात कितपत बसतं, असं मी विचारलं. त्यांनी भडंगाची वाटी माझ्याकडे सरकवली.

गेल्या वर्षी त्यांना मिरजेच्या एका इस्पितळात ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा नाकात नळी होती, तरी खुणेनं जवळ बोलावलं. "ह्यांचं एमआरआयचं मशीन तारण हाय," असं पुटपुटले. "हप्ता भरेपर्यंत मला सोडत न्हाईत." मी हसले, आणि जिन्यात येऊन रडले. चार दिवसांनी ते गेले. सांगलीतला माझा सर्वांत आगाऊ आणि सर्वांत आवडता माणूस गेला.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत एका डॉक्टरांची फाइल आमच्या टेबलावर आली. मिरजेत जागा घेऊन इस्पितळ बांधायचं होतं. जागेचा पत्ता काकांच्याच घराचा निघाला. थोरल्या भावानं काकांचं वर्षश्राद्ध होण्याचीही वाट पाहिली नव्हती. आक्कांना विचारलं नसणार, हे विचारायचीही गरज नव्हती.

नव्या वकिलांच्या सर्चमध्ये जुना बोजा दिसला. मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे तर आपल्या बोजाकाकांचंच कर्ज. तुमची ओळख होती ना चांगली? फिटलं असेल का हो हे?"

डॉक्टर चांगले होते, प्रस्ताव चांगला होता, आणि माझ्या एका वाक्यावर आक्कांचं घर उभं होतं. मी म्हटलं, "साहेब, मला काय ठाऊक आहे त्याला काय अर्थ? रेकॉर्डवर बोजा दिसतोय."

मॅनेजरांनी केबिनच्या दाराकडे पाहिलं. उघड्या दाराचा तो जुना दिवस त्यांनाही आठवला असावा. त्यांनी शेरा मारला की बोजा उतरवून आणल्यावर विचार करू. डॉक्टरांनी थोरल्याला कळवलं. थोरल्यानं इतक्या वर्षांच्या व्याजाचा मनात हिशोब केला असेल, कारण त्याचा डॉक्टरांना पुन्हा फोनच आला नाही. डॉक्टरांनी स्टेशनजवळ दुसरी जागा घेतली आणि कर्ज आम्हीच दिलं.

रविवारी मी मिरजेला गेले. आक्का ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अजून दिसतंय?"

मी मोबाइल काढला. सर्व्हर बंद होता, मग चालू झाला, मग पुन्हा बंद. बऱ्याच खटपटीनंतर नोंद उघडली. आक्कांनी हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि पडदा डोळ्यांजवळ धरला. जामीनदाराच्या नावाकडे त्यांनी पाहिलंही नाही. कर्जदाराच्या जागी काकांचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट, आणि पुढं 'चालू'.

"रेशनकार्डावरनं काढलं त्याला," त्या म्हणाल्या. "मतदार यादीतनं बी काढलं. हितं हाय की अजून."

त्यांनी मोबाइल परत दिला आणि पुन्हा लसूण हातात घेतला.

"पाडव्याला येत जा बघायला. भडंग परतून ठेवते."

येत्या पाडव्याला जायचं आहे. सर्व्हर बंद असला तरी.